भूतान ‘आपलंच एक राज्य’ नव्हे: बडोद्याचा खलिता आणि चाणक्यपुरीतली वकिलात

विश्वामित्रीकाठ (वडोदरा)
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

परवा आमच्या सोसायटीच्या गणपतीत आरतीनंतर प्रसाद वाटताना गप्पा रंगल्या. कुणाच्या तरी मुलाची भूतानची सहल ठरली होती, त्यावरून विषय निघाला. एक शिकलेसवरलेले, माझ्यापेक्षा वयाने मोठे गृहस्थ ठामपणे म्हणाले, “भूतान म्हणजे काय, आपलंच एक राज्य. नावापुरता राजा ठेवलाय.” चार जणांनी माना डोलावल्या. वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत खोडून काढणं बरं दिसत नाही, म्हणून मी गप्प बसलो. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

मी दांडिया बाजारात वाढलो. नोकरी सगळी विजेच्या सामानात, रिले आणि कंट्रोल पॅनेलच्या टेस्टिंगची. त्या कामासाठी २००६ साली काही महिने भूतानात होतो, ताला जलविद्युत प्रकल्पावर. १७० मेगावॉटची सहा यंत्रं, मिळून १०२० मेगावॉट, आणि सगळं पॉवरहाऊस डोंगराच्या पोटात. वांगछू नदीचं पाणी बावीस-तेवीस किलोमीटरच्या बोगद्यातून आणून खाली सोडलंय. आत शिरलं की पावसाळ्यातही अंगाला कोरडा गारवा लागायचा आणि पायाखालची फरशी सतत बारीक थरथरत असायची.

कंट्रोल रूममध्ये माझ्या जोडीला एक भूतानी इंजिनियर होता. घो हा त्यांचा पारंपरिक झगा घालून यायचा, गुडघ्यापर्यंत मोजे. पॅनेलचं दार उघडण्याआधी बाहीचा रुंद पांढरा कफ नीट दोन घड्या घालून मागे सारायचा, मगच हात आत. एका रात्री पहिल्या यंत्राचं लोड वाढवत नेलं आणि सिलिगुडीच्या लाइनवर वीज गेली. लॉगबुक माझ्यापुढे होतं. मी सवयीने लिहिलं, ‘ग्रिडला दिली’. त्याने वाचलं, माझ्याकडून पेन मागून घेतलं, ते दोन शब्द एका सरळ रेघेने खोडले आणि वर लिहिलं, ‘भारताला निर्यात’. मग पेन परत देत म्हणाला, “सर, ही वीज दुसऱ्या देशात जाते.”

आवाज चढला नव्हता. रागही नव्हता. पण त्या रेघेने मला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. प्रकल्पाला पैसा आपला, साठ टक्के अनुदान आणि चाळीस टक्के कर्ज. यंत्रं आपली, माझ्यासारखी माणसंही आपली. तरी नदी त्यांची, आणि वहीत काय लिहायचं ते ठरवणारा तो.

कुणाला या विषयाची आवड असेल तर बोलूया. मला विशेष बोलायचंय ते भूतानच्या दिल्लीतल्या वकिलातीबद्दल, कारण हा सगळा मामला तिथे येऊन मिळतो.

सूरसागर
रविवार, रात्री १०:१५

काका, फार छान लिहिलंत. आम्ही दोन वर्षांपूर्वी सीमेवरच्या फुंत्शोलिंगवरून गेलो होतो. आपल्या हद्दीतल्या जयगावच्या बाजूला हॉर्न, धूळ, हातगाड्या, पानाच्या पिचकाऱ्या. कमानीतून आत दहा पावलं टाकली की सगळं शांत. रस्ता ओलांडायला उभी राहिले तर गाड्या आपणहून थांबल्या, माझी आई घाबरून मागेच सरली.

आपल्याला व्हिसा लागत नाही, पण परवाना लागतो, तोही पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवल्यावर. शिवाय माणशी रात्रीला १२०० रुपये शुल्क. पूर्वी भारतीयांना काहीच नव्हतं, २०२० मध्ये त्यांनी हे लावलं. आमच्या ग्रुपमधले लोक चिडले होते, “आपल्याच पैशावर जगतात आणि आपल्याकडूनच घेतात”. मला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं.

जुनीइंदूर (इंदूर)
रविवार, रात्री ११:०२

तुमच्या ग्रुपमधले लोक चुकीचं काय बोलले? भावनेच्या भरात जाऊ नका. भूतानचे रस्ते आपल्या सीमा सडक संघटनेने १९६१ पासून बांधले, दंतक प्रकल्प. त्यांच्या सैन्याला शिकवणारी आपली तुकडी ‘हा’ नावाच्या गावात बसलेली आहे. त्यांचं चलन आपल्या रुपयाला एकास एक बांधलेलं. १९४९ च्या करारात सरळ लिहिलंय की परराष्ट्र व्यवहारात भूतान भारताच्या सल्ल्याने चालेल. मग ते गृहस्थ ‘राज्य’ म्हणाले तर शब्द चुकला असेल, अर्थ चुकला नाही.

इंदूरला आम्ही रेसिडेन्सीचा, म्हणजे दरबारावर नेमलेल्या इंग्रज प्रतिनिधीच्या कचेरीचा, परिसर रोज बघतो. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांचं राज्य नावाला होळकरांचं. तोच प्रकार.

विश्वामित्रीकाठ
सोमवार, सकाळी ६:५०

जुनीइंदूर, तुम्ही तहाचं नाव घेतलंत ते बरं झालं. मला नेमकं तिथूनच सुरू करायचं होतं. थोडं लांबेल.

आपण संस्थानांत वाढलेली माणसं. मोठ्याच्या सावलीत छोट्याने कसं राहायचं हे आपल्या आजा-पणजांनी भोगलंय. बडोद्यात १८०२ मध्ये कर्नल वॉकर रेसिडेंट म्हणून आला, आणि त्यानंतर बडोदे सरकारला बाहेरच्या जगाकडे बघायला एकच खिडकी उरली, ती म्हणजे रेसिडेन्सी. दुसऱ्या दरबारात आपला वकील ठेवायचा नाही, परभारे पत्रव्यवहार करायचा नाही. कुणाशी काही बोलायचं तर इंग्रजांमार्फत.

आता १८७४ ची गोष्ट घ्या. बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांचं आणि रेसिडेंट कर्नल फेअरचं बिनसलं. मल्हाररावांनी नोव्हेंबरच्या सुरुवातीला व्हाइसरॉयला खलिता पाठवला की हा रेसिडेंट बदलून द्या. आठवडा झाला नाही तोच फेअरच्या सरबतात विष सापडल्याचा आरोप झाला. मल्हारराव प्रजेशी कसे वागले त्याची बाजू मी घेत नाही, बडोद्यात कुणीच घेत नाही. पण रचना बघा. राजाची तक्रार ज्या माणसाबद्दल, त्याच माणसाचं दफ्तर हे राजाच्या तक्रारीचं टपाल. कलकत्त्याला बडोद्याचा स्वतःचा माणूस असता, रोज उठून परराष्ट्र खात्याच्या दारात जाऊन दोन शब्द बोलणारा, तर १८७५ मध्ये मल्हाररावांना गादीवरून काढलं ते टळलं असतं का, हा प्रश्न मला लहानपणापासून पडलेला आहे.

भूतानचंही आधी असंच होत गेलं. १८६४-६५ चं दुआर युद्ध हरले, ११ नोव्हेंबर १८६५ ला सिंचुलाचा तह झाला, दुआरं, म्हणजे डोंगराच्या पायथ्याचा सगळा सुपीक मुलूख, गेली आणि बदल्यात वर्षाला ५० हजार रुपये ठरले. १९१० मध्ये पुनाखाचा तह झाला, रक्कम एक लाख झाली आणि कलम आलं: परराष्ट्र संबंधांत ब्रिटिशांच्या सल्ल्याने चालायचं. पण त्याच तहात दुसरं वाक्य होतं, भूतानच्या अंतर्गत कारभारात ब्रिटिश हात घालणार नाहीत. आणि थिंफूत किंवा पुनाखात रेसिडेंट बसला नाही. भूतानचं काम बघणारा पोलिटिकल ऑफिसर गंगटोकला, आणि भूतानचा एजंट कालिंपाँगला. मध्ये डोंगर.

१९११ च्या दिल्ली दरबाराला आपले सयाजीराव होते, तसेच भूतानचे राजे उग्येन वांगचुकही होते. बादशहाला एकदाच मान लववून सयाजीरावांनी पाठ फिरवली, ते आपण सगळे अभिमानाने सांगतो. पण पुढे काय झालं ते बघा. बडोदे संस्थान १ मे १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. आणि तीनच महिन्यांनी, ८ ऑगस्ट १९४९ ला, दार्जिलिंगला स्वतंत्र भारताने भूतानशी करार केला. दुआर युद्धात गेलेला देवनगिरीचा ३२ चौरस मैलांचा मुलूख परत दिला, वर्षाची रक्कम पाच लाख केली. एकाच वर्षात एक संस्थान नकाशातून गेलं आणि दुसरा प्रदेश नकाशावर देश म्हणून टिकला. बडोद्याचं विलीनीकरण योग्यच होतं, माझ्या मनात त्याबद्दल किंतु नाही. पण दोन्ही गोष्टी एक नव्हेत, एवढंच म्हणणं आहे.

हो, परराष्ट्र व्यवहारात सल्ल्याने चालायचं हे कलम १९४९ च्या करारातही राहिलं, कलम दोन म्हणून. ते कसं सुटलं ते संध्याकाळी लिहितो, आता दूध आणायला जायचंय.

शिंदेछावणी (ग्वाल्हेर)
सोमवार, दुपारी १:२०

विश्वामित्रीकाठ, मल्हाररावांवरचा जो आयोग बसला त्यात आमचे महाराज जयाजीराव शिंदे आणि सर दिनकरराव राजवाडे होते, तिसरे जयपूरचे महाराज. बाकी तिघे इंग्रज. निकाल तीन विरुद्ध तीन. तिन्ही हिंदी सभासदांनी विषाचा आरोप सिद्ध मानला नाही. तरी पदच्युत केलंच, कारण दाखवलं गैरकारभाराचं. आमच्या घरी आजोबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा शेवटी एवढंच म्हणायचे, “मत विचारलं होतं, ऐकायचं नव्हतं.”

म्हणून मला एक विचारायचंय. ‘सल्ल्याने चालेल’ याचा अर्थ भूतानने काय लावला? विचारू, पण ऐकूच असं नाही, असा?

विश्वामित्रीकाठ
सोमवार, रात्री ८:३५

अगदी बरोबर पकडलंत.

भूतानने ते कलम कधी फाडलं नाही, त्यावर आरडाओरडा केला नाही. सैल करत करत आणलं. सप्टेंबर १९५८ मध्ये नेहरू पारोला गेले, तेव्हा गाडीरस्ता नव्हता. नथू ला ओलांडून तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून घोड्यावर. तिथे जाहीरपणे सांगितलं की भूतानने स्वतंत्र देश म्हणून राहावं हीच भारताची इच्छा. भूतानने ते वाक्य जपून ठेवलं आणि पुढे पाऊल टाकत गेला. १९६२ मध्ये कोलंबो योजनेत, म्हणजे आशियाई देशांच्या विकास-सहकार्याच्या गटात, आले. १९६८ मध्ये भारताचा प्रतिनिधी थिंफूत बसला. २१ सप्टेंबर १९७१ ला संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व, तेही भारताच्याच पाठिंब्याने. त्याच साली दिल्लीत भूतानचं स्वतःचं कार्यालय उघडलं आणि १९७८ मध्ये त्याला पूर्ण वकिलातीचा दर्जा आला. मधल्या काळात, १९७५ मध्ये, शेजारचं सिक्कीम भारतात विलीन झालं होतं. ते डोळ्यांसमोर घडत असताना थिंफूत बसलेल्या माणसांच्या मनात काय आलं असेल याचा विचार करा, म्हणजे दिल्लीतल्या त्या इमारतीची किंमत कळेल.

आणि मत वेगळं असेल तिथे वेगळं दिलं. अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर आपण आजतागायत सही केलेली नाही, भूतान १९८५ मध्ये त्यात सामील झाला. शेवटी ८ फेब्रुवारी २००७ ला नवा करार झाला. ‘सल्ल्याने चालेल’ गेलं. त्याजागी आलं की दोन्ही देश राष्ट्रहिताच्या प्रश्नांत जवळून सहकार्य करतील आणि आपली भूमी दुसऱ्याच्या सुरक्षेविरुद्ध वापरू देणार नाहीत. ५८ वर्षं लागली, पण गाठ कापावी लागली नाही, सुटली.

आता वकिलातीचं. जगातल्या बऱ्याच देशांचे भूतानसाठी नेमलेले राजदूत दिल्लीतच राहतात, भारताचं काम आणि भूतानचं काम एकाच माणसाकडे. म्हणजे भूतानची दिल्लीतली वकिलात फक्त भारताशी बोलत नाही, ती भूतानची जगाकडे उघडणारी ओसरी आहे. चीनशी भूतानचे राजनैतिक संबंधच नाहीत. सुरक्षा परिषदेच्या पाचही कायम सदस्यांपैकी कुणाशीच नाहीत, हे मोठ्यांच्या भांडणात न सापडण्याचं त्यांचं जुनं धोरण. मग जून २०१७ मध्ये भूतान आणि चीन दोघेही हक्क सांगतात त्या डोकलामला चिनी सैन्य रस्ता बांधायला लागलं, तेव्हा निषेध पोचवायचा कसा? भूतानच्या दिल्लीतल्या राजदूतांनी दिल्लीतल्याच चिनी वकिलातीमार्फत तो पोचवला आणि पत्रकारांना तसं सांगितलं. ७० हून जास्त दिवस भारत आणि चीन अशी दोन अण्वस्त्रधारी सैन्यं समोरासमोर उभी होती आणि ज्याच्या जमिनीवरून हे सगळं, त्या देशाचा आवाज दिल्लीच्या चाणक्यपुरीतल्या वकिलातीतून आला. बडोद्याच्या खलित्याला जी वाट मिळाली नाही ती हीच.

जुनीइंदूर
सोमवार, रात्री ९:२८

निषेध त्यांनी पोचवला, पण समोर उभे राहिले ते आपले जवान. हे विसरू नका.

आणि २०१३ ची आठवण करून देतो. त्यांच्या निवडणुकीच्या तोंडावर आपण स्वयंपाकाच्या गॅसवरची आणि रॉकेलवरची सवलत बंद केली. थिंफूत सिलिंडर एका रात्रीत महाग झाला. सरकार बदललं आणि सवलत परत सुरू झाली. म्हणजे दोरी कुणाच्या हातात आहे ते स्पष्ट आहे.

विश्वामित्रीकाठ
सोमवार, रात्री ९:५०

जवानांचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण मग डिसेंबर २००३ हेही मोजा. उल्फा, बोडो आणि कामतापुरी अतिरेक्यांचे तीसेक तळ त्यांच्या जंगलात होते. भूतानच्या छोट्याशा सैन्याने स्वतः कारवाई करून ते उखडले आणि राजे जिग्मे सिंग्ये स्वतः मोहिमेवर होते. हे त्यांनी आपल्यासाठीही केलं.

गॅसबद्दल मात्र तुमचं खरं आहे आणि मला त्याची लाज वाटते. त्या इंजिनियरशी तेव्हा फोनवर बोलणं झालं होतं. त्याच्या घरी आजारी आई, तिच्या अंघोळीचं पाणी तापवायला त्याने लाकडं गोळा करायला सुरुवात केली होती. मला म्हणाला, “तुमचा राग आमच्या सरकारवर असेल, पण चूल माझ्या घरची बंद झाली.” मी काय उत्तर देणार?

खंडेरावमार्केट
मंगळवार, सकाळी १०:०५

मी व्यापारी माणूस, माझं बघणं व्यवहाराचं. एकास एक चलन ऐकायला गोड वाटतं. जयगावात त्यांचा ङुल्ट्रम सर्रास चालतो. पण भूतानला रुपया छापता येत नाही, कमवावा लागतो. तांदूळ, डिझेल, लोखंडी सळई, गाडी, सगळं रुपयात घ्यायचं. २०१२ मध्ये त्यांच्याकडे रुपयाची अशी टंचाई झाली की गाड्या आणि घरांसाठीची कर्जं बंद करावी लागली. रुपया येतो मुख्यतः विजेतून. आणि हिवाळ्यात नद्या आटल्या की त्यांनाच आपल्याकडून वीज घ्यावी लागते.

दुकानाचं उदाहरण देतो. ज्याचं एकच गिऱ्हाईक असतं त्याला भाव करताना घाम फुटतो. गिऱ्हाईक सज्जन असलं तरी.

मांडवीची_लेक
मंगळवार, दुपारी ३:४०

सगळी चर्चा वाचली. काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून एक राहिलेलं पान उघडते. मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते.

१९९० च्या सुमारास दक्षिण भूतानातल्या नेपाळीभाषक लोकांना, ल्होत्साम्पांना, नागरिकत्वाच्या कडक नियमांमुळे आणि दडपशाहीमुळे देश सोडावा लागला. एक लाखाहून जास्त माणसं पूर्व नेपाळच्या छावण्यांत सतरा-अठरा वर्षं राहिली. पुढे बहुतेकांना अमेरिका आणि इतर देशांनी घेतलं. भूतान आणि नेपाळची सीमा कुठेच लागत नाही. म्हणजे ही सगळी माणसं आपल्या भूमीवरून गेली. आणि आपण म्हटलं, हा त्या दोन देशांमधला प्रश्न आहे.

मोठा देश छोट्याचा मान राखतो म्हणजे त्याच्या घरात डोकावत नाही, हे ठीक. पण त्या घरातून बाहेर काढलेली माणसं आपल्या अंगणातून जात असताना तोंड फिरवायचं, हा मान राखणं आहे का सोय बघणं? माझ्याकडे याचं सोपं उत्तर नाही. वर्गात विद्यार्थी विचारतात तेव्हाही नसतं.

विश्वामित्रीकाठ
मंगळवार, रात्री ९:१५

ताई, हे तुम्ही लिहिलंत ते फार योग्य केलंत. मी ते पान उघडलं नाही, कारण मला त्या देशाने प्रेम दिलं आणि प्रेमात माणूस एका बाजूचंच बघतो. ताला प्रकल्पावर सिमेंट कालवणारे, बोगद्यात खोदकाम करणारे कितीतरी मजूर नेपाळी बोलायचे. कोण कुठला, कुणाकडे कसला कागद, हे मी कधी विचारलं नाही. ‘निर्यात’ हा शब्द मला शिकवणारा माझा मित्र या विषयावर मात्र गप्प व्हायचा. तुमचा प्रश्न मी त्याला या वेळी पत्राने विचारणार आहे.

सूरसागरताई, तुमच्या १२०० रुपयांचं. २०१५ मध्ये भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान यांचा गाड्यांच्या मोकळ्या वाहतुकीचा करार झाला. दिल्लीची फार इच्छा होती. २०१६ मध्ये भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने तो नाकारला, एवढ्या ट्रकांचा भार आमचे डोंगर सोसणार नाहीत म्हणून. बाकी तिघांनी पुढे जायचं ठरवलं, भूतानचं काही वाकडं झालं नाही. तुमचं शुल्क त्याच विचाराचं आहे. आपल्या दारात किती माणसं यावीत हे ज्याचं त्याला ठरवता येतं, तो देश. कुठल्या राज्याला शेजारच्या राज्यातून येणाऱ्यावर रात्रीचं शुल्क लावता येईल?

खंडेरावमार्केट, एकाच गिऱ्हाइकाचं तुमचं म्हणणं मनाला लागलं. ते थिंफूतही अनेकजण बोलतात, उघडपणे.

जुनीइंदूर
मंगळवार, रात्री १०:३०

माझं मत पूर्ण बदललं नाही. पैसा आणि फौज ज्याची, वजन त्याचं, हे राहणारच. पण ‘राज्य’ हा शब्द मी मागे घेतो. १९८५ च्या सहीचं मला ठाऊक नव्हतं.

शिंदेछावणी
बुधवार, सकाळी ८:१०

विश्वामित्रीकाठ, त्या गणपतीतल्या गृहस्थांशी पुन्हा बोलणं झालं का?

विश्वामित्रीकाठ
बुधवार, रात्री १०:४५

झालं. विसर्जनाच्या तयारीला खाली उतरलो तेव्हा भेटले. धागा त्यांच्या सुनेने त्यांना मोठ्याने वाचून दाखवला म्हणे. लॉगबुकाची गोष्ट त्यांनी मला पुन्हा सांगायला लावली. शब्द कुठे खोडले, वर की बाजूला लिहिलं, भूतानी माणसाची सही होती का, सगळं विचारलं. ते स्वतः तीस वर्षं ऑक्ट्रॉय नाक्यावर नोंदवह्या लिहीत होते हे मला इतकी वर्षं शेजारी राहून माहीत नव्हतं. म्हणाले, “आवक कुठली आणि जावक कुठली, हे ज्याच्या वहीत, नाका त्याचा.”

मग दिल्लीत भूतानची वकिलात नेमकी कुठे आहे ते विचारलं. चाणक्यपुरीत, चंद्रगुप्त मार्गावर, असं मी कागदावर लिहून दिलं. दिवाळीत ते मुलीकडे दिल्लीला जाणार आहेत. आत जाता येणार नाही हे त्यांना सांगितलंय. बाहेरून बघून येतो म्हणाले.